दार ओळखतं मला

१

"बाई, तुमची मुलगी माझ्या दुकानात टायरात बसलीये," फोनवरचा अनोळखी माणूस म्हणाला. "रडत नाही. पण बूट एकाच पायात आहे."

मी ऑफिसात होते, पाळणाघरापासून टॅक्सीने पाच मिनिटांवर. ठमी, माझी अडीच वर्षांची मुलगी, त्या वेळी पाळणाघरात झोपलेली असायला हवी होती. माझा नंबर कुठून मिळाला, असं मी त्याला विचारलं. फ्रॉकच्या आत शिवलाय की, तो म्हणाला. ठमीच्या प्रत्येक कपड्यात मी माझा नंबर शिवते. सासूबाई हसतात, अति तिथे माती म्हणतात. टॅक्सीत बसल्यावर मात्र मला त्या टाक्यांशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

पंक्चरचं दुकान पाळणाघराच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. मधला रस्ता ट्रकांचा. ठमी एका मोठ्या टायरात, ट्यूबचं टोपण मुठीत धरून, मजेत बसली होती. पंक्चरवाला सांगत होता की ती एकटीच रस्ता ओलांडून आली, एका टेम्पोने करकचून ब्रेक मारला तेव्हा त्याची मान वर झाली, ती कुठून निघाली ते त्याला दिसलं नव्हतं. मी तिला उचललं आणि तशीच रस्ता ओलांडून पाळणाघरात शिरले. त्याचे आभार मानायचं राहूनच गेलं.

आत औषधाचा उग्र वास येत होता. पाळणाघर चालवणाऱ्या मॅडम नुकत्याच बँकेतून परतल्या होत्या, त्यांनी किल्लीने उघडलेल्या दारातूनच मी आत आले होते. खांद्याची पर्स अजून खांद्यावरच होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

हे पाळणाघर मी दारासाठी निवडलं होतं. दाराला विजेचं कुलूप आहे, कडी नाही. बाहेरून ते फक्त मॅडमच्या किल्लीने उघडतं, आणि किल्लीची नोंद पडत नाही. दाराशेजारी चपला-बुटांची फळी, तिथून वळलं की अरुंद बोळ, आणि बोळातल्या भिंतीवर पाटीएवढी स्क्रीन. आतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळा चार आकड्यांचा कोड. कोड दाबला की स्क्रीन चार वेळा वाजते आणि वळणापलीकडे कुलूप टक करून सुटतं. दाराला स्प्रिंग असल्यामुळे ते आपोआप परत लागतं. पहिल्या दिवशी मॅडम ठमीला कडेवर घेऊन आम्हाला पोचवायला निघाल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा, स्क्रीनवरून मोकळा हात फिरवला आणि म्हणाल्या, "दार ओळखतं मला." आम्ही सगळे हसलो होतो. मी तर घरी जाताना नवऱ्याला म्हणाले होते, इथे ठमी सुरक्षित राहील.

आता त्याच स्क्रीनवर मॅडमनी मला दाराच्या नोंदी काढून दाखवल्या. पोरांची जेवणं झाल्यानंतर दार दोनदा उघडलं होतं, थोड्या अंतराने. दोन्ही नोंदींपुढे नाव एकच होतं, मावशींचं.

मावशी म्हणजे पाळणाघरातल्या सगळ्यात जुन्या बाई. ठमी सकाळी माझ्या कडेवरून थेट त्यांच्या कडेवर जाते, मागे वळूनही बघत नाही. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, दोन्ही हात एप्रनच्या खिशात. जेवणाआधी एका बाळाचे आजोबा आले होते, त्यांना मी उघडलं, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यानंतर बटणांना हात लावला नाही.

"पहिल्यांदा मी बँकेत निघाले तेव्हा मावशींनीच उघडलं," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्यांदा कुणासाठी उघडलं ते त्यांनाच विचारा."

मग त्या मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलल्या. उद्या दुपारपर्यंत मी लेखी तक्रार द्यावी, त्या मावशींना लगेच कमी करतील. मुलाला रस्त्यावर सोडलं असा शेरा बसला की कुठलंच पाळणाघर त्यांना उभं करणार नाही, पण त्याला इलाज नाही.

मी ठमीला घेऊन निघाले तेव्हा मावशी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तुम्ही रोज बघता मला. मी हिला दारात सोडीन?"

मी ठमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. यंत्रात त्यांचं नाव होतं आणि यंत्रांवर माझं पोट चालतं.

२

माझं काम चारचौघांत सांगितलं की लोक हसतात. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये निम्म्या सोयी दडलेल्या असतात. बोट दाबून धरलं तर एक, दोन बोटांनी ओढलं तर दुसरी. करणारे त्या करून ठेवतात आणि वापरणाऱ्यांना त्या जन्मात सापडत नाहीत. त्या सापडाव्यात म्हणून स्क्रीनवर योग्य जागी एक लुकलुकणारा ठिपका ठेवायचा आणि त्याखाली दोन ओळी लिहायच्या, हा माझा धंदा. नवरा मला घरची ठिपकेवाली म्हणतो.

ठिपका कुठे ठेवायचा हे कळायला मला लोकांच्या मागे बसून त्यांचे हात बघावे लागतात. या कामाने मला एक गोष्ट शिकवली. माणसाला तू काय केलंस असं विचारायचं नाही. तो खोटं बोलतो म्हणून नव्हे. हात काय करतात ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. स्क्रीन हातात द्यायची आणि म्हणायचं, करून दाखवा.

त्या संध्याकाळी मात्र मी स्वतःचं हे शास्त्र विसरले होते. नवरा म्हणत होता, सरळ सही कर. यंत्राला ना मावशींचा राग, ना मॅडमचा लोभ, ते कशाला खोटं बोलेल? सासूबाई ठमीचे पाय कोमट पाण्याने तिसऱ्यांदा धूत होत्या.

मी कागद घेतला, तारीख घातली आणि थांबले. मावशींवर मला दया येत होती असं नाही. तेव्हा मला कुणाचीच दया येत नव्हती. पण समजा, मावशी खरं बोलत असतील तर? मग मी सही करीन, त्या जातील, सगळ्यांना हायसं वाटेल, आणि ते दार उद्या पुन्हा उघडेल. दाराबाहेर तोच ट्रकांचा रस्ता असेल. टेम्पोवाला प्रत्येक वेळी वेळेवर ब्रेक मारेलच असं नाही.

ठमी कपाटाशी खेळत होती. हा तिचा आवडता खेळ, दार-दार. रोज ती कपाटावर बोट टोचते, तोंडाने टीं टीं टीं टीं म्हणते, मग टक म्हणते आणि कपाट उघडून आतल्या कपड्यांना टाटा करते. चारातली एक टीं चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

आज ती कपाटापासून लांब, जमिनीवर फतकल मारून बसली. समोर स्वतःचे बूट मांडले. बुटांच्या फळीशी बसून हेच करायची तिला पाळणाघरातही खोड आहे. एक बूट पायात घालता घालता ती एकदम थांबली, मान वर केली, कान दिले.

"टक," ती म्हणाली. मग उठली आणि चालत जाऊन तिने कपाट उघडलं.

मी तिला पुन्हा खेळायला लावलं. पुन्हा तेच झालं. बूट, टक, दार.

मी पेन खाली ठेवलं. चार वेळा वाजल्याशिवाय ते दार उघडत नाही. मग टीं गेली कुठे?

३

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, ठमीला सासूबाईंकडे ठेवलं आणि पाळणाघर उघडायच्या आधी कोपऱ्यावर ताईला गाठलं. ताई म्हणजे तिथली दुसरी सांभाळणारी, माझ्याहून लहान, नव्याने लागलेली. मला बघून ती थबकली.

काल दुपारी ती निजायच्या खोलीत होती. एक बाळ सर्दीने बेजार होतं, खाली ठेवलं की रडायचं, म्हणून त्याला खांद्यावर टाकून ती येरझारा घालत होती. ज्या भिंतीवर बोळाच्या बाजूने स्क्रीन आहे, त्याच भिंतीच्या अलीकडे. मी विचारलं, जेवणानंतर स्क्रीन किती वेळा वाजली?

तिने आधी पाळणाघराच्या दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, एकदाही नाही. वाजली असती तर ते बाळ उठलं असतं आणि त्याने बाकीच्यांना उठवलं असतं. दुपारी वाजू नये म्हणून ती आणि मावशी दाराला हातच लावत नाहीत.

"मग हे काल का नाही सांगितलंस?"

"मावशींवर नाही आलं, तर मग कुणावर येणार? आत दोघीच तर होतो," ती म्हणाली. "आणि मावशींचा कोड मला ठाऊक आहे. त्यांच्या नातीचं जन्मसाल. सगळ्यांनाच ठाऊक आहे."

हे तिने आपण होऊन सांगितलं. ज्याला लपवायचं आहे तो असं दुसऱ्याच्या कोडाचं बोलत नाही, असं मला वाटलं. पण खात्री नव्हती. दार तिने उघडलं असेल तर स्क्रीन वाजली नाही हे तिचं म्हणणंच खोटं. पण ठमीच्या खेळातही टीं नव्हती, आणि अडीच वर्षांच्या पोरीला कुणी पढवलेलं नव्हतं.

तिथून मी मावशींच्या घरी गेले. एकच खोली, पण काचा अशा स्वच्छ की खिडकीला काच आहे हे आधी कळलंच नाही. मावशींनी मला पाणी दिलं. पेला ठेवताना माझ्याकडून थोडं टेबलावर सांडलं. त्यांनी फडक्याची घडी केली, तीन बोटं तिच्यावर ठेवली आणि वरून खाली एका ओढीत पाणी पुसून घेतलं. मी म्हटलं, राहू द्या. त्या म्हणाल्या, पाळणाघराच्या आधी मी ऑफिसांच्या काचा पुसायचे, ओघळ राहिला की मला झोप येत नाही.

कालची दुपार मी त्यांच्याकडून सावकाश काढून घेतली. ताट-वाट्या घासल्या. मग मॅडमनी कालच आणलेलं, जंतू मारायचं औषध बादलीत कालवलं, कारण सर्दीची साथ आहे आणि इथून पुढे सगळं औषधाच्या पाण्याने पुसायचं असा नवा हुकूम होता. खेळणी पुसली, टेबलं पुसली, कठडा पुसला, बोळ पुसला. बादली-फडकी धुवायला मोरीत गेल्या. परत येऊन बघतात तर ठमीची गादी रिकामी. त्या संडासात बघत होत्या, कपाटामागे बघत होत्या, आणि तेवढ्यात मी तिला घेऊन दारात.

"मॅडम बँकेत गेल्या तेव्हा दार तुम्ही उघडलंत ना?" मी विचारलं.

"मी कशाला? मी तेव्हा ताटं घासत होते, कोपरापर्यंत साबण. मॅडम आपल्या आपण गेल्या."

मला निरोप द्यायला त्या दारापर्यंत आल्या. माझ्या ऑफिसबद्दल, ठमीच्या झोपेबद्दल विचारलं. तक्रारीबद्दल चकार शब्द नाही. मी जिन्यात पोचले तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मॅडम आपल्या आपण गेल्या, आणि स्क्रीन एकदाही वाजली नाही.

४

कुलूप बसवणाऱ्याचं दुकान बाजारात होतं. कॅमेरे, घंटा, कुलपं, वायरींची भेंडोळी. पाळणाघरात सगळे त्याला सिस्टिमवाला म्हणतात. दाराबाहेरचा कॅमेराही त्याचाच, पण त्याच्यात फक्त दिसतं, साठत काही नाही.

मी ओळख सांगितली तसा तो सावध झाला. कोडाशिवाय ते दार उघडत नाही, तो म्हणाला, हवं तर लिहून देतो. मी म्हटलं, लिहून नको, करून दाखवा.

त्याने फळीवरची, नमुना म्हणून कुलपाला जोडून चालू ठेवलेली तसलीच एक स्क्रीन खाली घेतली. तिच्यावर बोटभर धूळ. त्याने आधी कडेचं बटण दाबून स्क्रीन बंद केली, मग शर्टाच्या बाहीने खसाखसा पुसली आणि पुन्हा चालू केली. कोड दाबून दाखवला. चार वेळा वाजली, जोडलेलं कुलूप टक करून सुटलं. चुकीचा कोड दाबला, सुटलं नाही. झालं समाधान?

मी त्याच्याकडे बघत राहिले. हजारो माणसांचे हात बघितल्यावर एवढं कळतं की घाईतला माणूस धूळ पुसायला स्क्रीन बंद करत नाही. तो बाही मारतो आणि मोकळा होतो.

"पुसायच्या आधी बंद का केलीत?" मी विचारलं.

"सवय," तो म्हणाला, पण त्याची नजर माझ्यावरून सरकून वायरींवर गेली.

सवय कशाची, ते मी विचारलं नाही. दुपारी बारा वाजता पाळणाघरात या, एवढं सांगितलं. तो नाही म्हणायच्या बेतात होता. मग मी म्हटलं की तक्रार मी आजच देणार आहे, आणि तिच्यात कुणाचं नाव घालायचं ते अजून ठरलेलं नाही. तो येतो म्हणाला.

रस्त्यावर आले आणि पहिला दिवस माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा राहिला. ठमी मॅडमच्या कडेवर. त्यांचा मोकळा हात स्क्रीनवर. दार ओळखतं मला. आम्ही हसलो होतो. इतके मोठ्याने हसलो होतो की तेव्हा काय वाजलं नाही, ते माझ्यासारख्या बाईलाही कळलं नव्हतं.

५

टेबलावर तक्रार टाइप करून तयार होती. फक्त माझी सही हवी होती. मावशी त्यांचं सामान न्यायला आल्या होत्या. एक डबा, एक चष्म्याचं घर, सपाता. ताई एका बाळाला थोपटत होती. सिस्टिमवाला दाराजवळ अवघडून उभा होता. नवऱ्याला मी बुटांच्या फळीपाशी उभं केलं आणि सांगितलं, तुला फक्त दार बघायचंय.

"आधी सही करा, मग काय ते बोलू," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, आधी एक प्रश्न. काल बँकेत जाताना दार कुणी उघडलं? मॅडम म्हणाल्या, किती वेळा सांगू, मावशींनी. मी ताईकडे वळले. ताईने बाळाकडे बघत सांगितलं, स्क्रीन वाजली नाही, जेवणानंतर एकदाही नाही. आवाज बारीक होता, पण सांगितलं.

मग मी एकेक धागा सोडवत गेले. स्क्रीन वाजली नाही म्हणजे कोड दाबला गेला नाही. कुणाचाच नाही. मावशींना दार उघडायचा दुसरा मार्ग ठाऊक नाही, आणि त्या वेळी त्यांचे हात साबणात होते. तरीही मॅडम बाहेर गेल्या आणि नोंद पडली, मावशींच्या नावाने. म्हणजे नोंदीतलं नाव हा पुरावाच नव्हे. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं धरून आपण चाललो होतो. इथे ससा भलत्याच्याच हातात दिला गेला होता.

"हे सगळं तर्कट आहे," मॅडम म्हणाल्या.

मी बोळात गेले. स्क्रीनवरून एक बोट वरून खाली ओढलं. काही नाही. दोन बोटं ओढली. काही नाही. अख्खा तळवा फिरवला. मागे कुणीतरी उसासा टाकला. मी तीन बोटं टेकवली आणि सावकाश, मांजराच्या पाठीवरून फिरवावीत तशी, खाली आणली.

स्क्रीन गप्पच राहिली. पण वळणापलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "उघडलं गं."

सिस्टिमवाल्याने नाकावरचा घाम पुसला. मॅडमनीच मागितलं होतं, तो पुटपुटला. पालकांना घेऊन येताना, पोर कडेवर असताना, आकडे दाबत बसायला नको म्हणून. कोड मागितलाच नाही तर नाव कुणाचं लागणार? शेवटचा कोड ज्याचा, त्याचं चिकटतं. काल शेवटचा कोड मावशींचा होता, त्या आजोबांसाठी दाबलेला.

मॅडम खुर्चीत बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

"मीच उघडं टाकून गेले," त्या म्हणाल्या. "फोन चालू होता, मागे बघितलंच नाही. दोन नोंदी बघितल्या आणि वाटलं, दार नीट लागलं नाही म्हणूनच दुसरी पडली. माझ्याच हातून ती पोर…"

मावशी त्यांच्याकडे बघत होत्या. राग नव्हता त्या बघण्यात. ओळखीचं माणूस अनोळखी निघाल्यावर बघतात तसं बघणं होतं.

सगळं संपलं असं बाकीच्यांना वाटलं. मला वाटलं नाही. मी नवऱ्याला दार पूर्ण उघडून सोडून द्यायला सांगितलं. आम्ही ऐकत राहिलो. स्प्रिंग कुरकुरली आणि दार लागलं. पुन्हा केलं, पुन्हा लागलं. सिस्टिमवाला म्हणाला, दार सुटलं की नोंद पडते, लागताना नाही.

"मॅडम, दार तुमच्यामागे लागलं होतं," मी म्हटलं. "ठमी तेव्हा गेली नाही. दुसऱ्या वेळी ते कुणीतरी उघडलं, आणि तेव्हा तुम्ही बँकेत होता."

आता आत दोघीच उरल्या. ताईच्या खांद्यावर बाळ होतं. सगळ्यांच्या नजरा फिरून परत मावशींवर गेल्या. मावशींच्या हातातला डबा खाली टेकला. फिरून फिरून भोपळे चौकात, असंच त्यांना वाटलं असणार. नवरा वळणावरून डोकावला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू विचारत होता, हेच करायला आपण इथे आलो का?

"मावशी," मी म्हटलं, "काल बोळ पुसलात तो कसा पुसलात? सांगू नका. करून दाखवा."

खुंटीवर फडकं होतं, ते मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घडी केली. तीन बोटं ठेवली. भिंत पुसली, चौकट पुसली, मग स्क्रीन, वरून खाली एका ओढीत.

मी वळणाकडे कान लावले.

"नाही," नवरा म्हणाला.

पुन्हा एकदा. नाही. मॅडमनी डोळे मिटून घेतले. माझं चुकलं असेल तर मी या बाईला दुसऱ्यांदा चारचौघांत उभं केलं होतं, तेही हातात फडकं देऊन.

मावशी मात्र फडक्याकडे नाखुशीने बघत होत्या.

"असं कोरड्याने कुणी पुसतं का?" त्या म्हणाल्या. "काल बादली होती."

ताई धावत जाऊन औषधाचं पाणी घेऊन आली. मावशींनी फडकं बुडवलं, पिळलं, घडी केली. ओल्या कापडाखाली त्यांची तीन बोटं स्क्रीनच्या वरच्या कडेला टेकली आणि काच पुसणाऱ्या बाईच्या सगळ्या इमानदारीने सरळ खाली आली.

स्क्रीन वाजली नाही. वळणापलीकडे, जिथे काल ठमी बूट मांडून बसली होती, तिथे टक झालं.

"उघडलं," नवरा म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता.

६

कोरडं कापड काचेला बोट वाटत नाही, ओलं वाटतं. सिस्टिमवाल्याला हे ठाऊक होतं, म्हणून तो स्क्रीन बंद करूनच पुसायचा. ते इतरांना सांगावं असं त्याच्या मनात कधी आलं नाही. मॅडमना तीन बोटांची युक्ती ठाऊक होती, ओल्या फडक्याचा हुकूम त्यांनीच दिला होता, आणि या दोन गोष्टी एकाच काचेवर भेटतील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. काल औषधाचा पहिलाच दिवस होता. रोज असं ओल्याने पुसलं गेलं असतं तर रोज उघडलं असतं.

मी टाइप केलेला कागद उचलला, चार तुकडे केले आणि सिस्टिमवाल्याला म्हटलं, मी इथेच उभी आहे, ती सोय आत्ताच्या आत्ता काढा. त्याने काढली. मी ओलं फडकं घेऊन तीन बोटांनी, चार बोटांनी, तळव्याने, कोपरानेही स्क्रीन पुसली. नवरा म्हणत राहिला, नाही, नाही, नाही. शेवटी म्हणाला, आता नाकाने पुस.

मॅडम उठून मावशींसमोर उभ्या राहिल्या. माफीचे शब्द त्यांनी मनात जुळवले असावेत, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. उद्यापासून नवा कोड देते, त्या म्हणाल्या.

"मला कोड नको," मावशी म्हणाल्या.

कोडाशिवाय कसं चालेल, मॅडमनी विचारलं. मावशींनी चष्म्याचं घर डब्यावर ठेवलं, डबा बगलेत मारला. त्या जातायत की राहतायत ते मला कळेना.

"माझं नाव लागणार असेल तर हातही माझाच लागला पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि हात माझा असेल, तर तो काय करतोय हे मला ठाऊक पाहिजे. या भिंतीत आणखी काय काय दडवलंय ते सगळ्यांना दाखवा. ताईला, मला, पोरांच्या आयांना. मग द्या कोड."

मॅडमनी सिस्टिमवाल्याकडे बघितलं. मग त्यांनी पर्स खांद्यावरून उतरवून खुर्चीला अडकवली आणि म्हणाल्या, दाखवा सगळ्यांना. त्याने स्क्रीनची एकेक खोड उघडून दाखवली. मी प्रत्येक जागी पेनाने एक ठिपका काढला, काचेवरच. मावशींनी चष्मा लावून प्रत्येक ठिपक्यावर स्वतःचं बोट ठेवून बघितलं, आणि शेवटचा ठिपका संपल्यावर डबा परत आपल्या जागी ठेवला.

परतताना मी रस्ता ओलांडून पंक्चरवाल्याकडे गेले. आभार मानायला लागले तर तो अवघडला. टायर रिकामाच आहे, म्हणाला, पोरीला खेळायला आणा कधी.

ठमीला मी लगेच पाठवलं नाही. ज्या सकाळी पाठवलं, त्या सकाळी ती नेहमीसारखी माझ्या कडेवरून मावशींच्या कडेवर गेली आणि वळूनही बघितलं नाही. दार माझ्यामागे लागलं. मी ते बाहेरून ओढून बघितलं. मग पुन्हा ओढून बघितलं. आत बोळात कोड दाबला नव्हता, कुणाला जायचं नव्हतं, तरी दाराला कान लावल्यावर मला स्पष्ट ऐकू आलं. ठमी बुटांच्या फळीशी बसून मावशींना शिकवत होती. टीं टीं टीं टीं. मावशी चुकल्या असाव्यात, कारण तिने त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.